सुट्टी सगळ्यांना एकाच दिवशी का हवी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काही दुकानं, एक गोदाम आणि एक छोटं ऑफिस असा तुमचा भागीदारीतला व्यवसाय आहे. मोठ्या सणांना आणि सार्वजनिक सुट्ट्यांना दुकानं उघडी असतात. त्या दिवशी येणाऱ्याला दुप्पट पगार मिळतो आणि पुढच्या आठवड्यात बदली सुट्टीही मिळते. तरी कर्मचारी म्हणतात, निदान मोठ्या सुट्ट्यांना सगळं बंद ठेवा, घरच्यांबरोबर राहू द्या. भागीदाराचं म्हणणं असं की सुट्टीच्या बदल्यात सुट्टी देतोय, वर पैसेही देतोय, मग तक्रार कशाची? शिवाय आपण बंद ठेवलं आणि शेजाऱ्याने उघडं ठेवलं तर गिऱ्हाईक तिकडे जाणार.

माझं उत्तर: बंद ठेवा. किरकोळ विक्रीच्या धंद्यात माणसांच्या पाळ्या लावणं हेच माझं काम राहिलं आहे आणि सुट्टीच्या दिवसांचा ड्युटी चार्ट बनवण्याइतकं जड काम त्यात दुसरं नाही. भागीदाराचा मुद्दा वरवर रास्त दिसतो, म्हणून आधी तोच घेतो.

बदली सुट्टी म्हणजे सुट्टीची भरपाई, हे गृहीतच चुकीचं आहे. विश्रांतीची भरपाई होते, हे मान्य. अंग दुखत असेल तर सोमवारी झोपलं काय आणि गुरुवारी झोपलं काय, सारखंच. पण कर्मचारी झोप मागत नाहीयेत, घरच्यांबरोबरचा वेळ मागताहेत, आणि तो वेळ एकट्याच्या सुट्टीने तयार होत नाही. समोरचा माणूसही त्याच दिवशी मोकळा असावा लागतो.

हे कागदावर मांडून बघा. नवरा एका ठिकाणी कामाला, बायको दुसऱ्या ठिकाणी, दोघांची साप्ताहिक सुट्टी फिरती. दोघांचा वार एकच येण्याची शक्यता सातात एक, म्हणजे सरासरी सात आठवड्यांतून एकदा. घरात कमावता मुलगा किंवा मुलगी असेल आणि तिसरीकडे फिरत्या सुट्टीवर असेल, तर तिघं एकत्र मोकळे असण्याची शक्यता ४९ आठवड्यांतून एकदा, म्हणजे जवळपास वर्षातून एकदा. चौथं माणूस तसंच कामाला असेल तर ३४३ आठवड्यांतून एकदा, म्हणजे साडेसहा वर्षांहून जास्त. गंमत म्हणजे यातल्या प्रत्येकाला दर आठवड्याला नियमाप्रमाणे सुट्टी मिळतेच आहे. एकाही मालकाने कुणाचा एक दिवसही बुडवलेला नाही, आणि तरी ते घर सहा-सहा वर्षं एका दिवशी पूर्ण भरत नाही. शाळेत जाणारं मूल असेल तर त्याचा वार शाळेने ठरवलेला असतो. आईबापांचे दोन्ही फिरते दिवस नेमके त्या वारी यायचे म्हणजे पुन्हा ४९ आठवड्यांचाच हिशेब.

प्रत्यक्षात माणसं एकमेकांत दिवस बदलून घेतात, वरिष्ठांना गळ घालतात, कधी आजारी असल्याचं सांगतात, त्यामुळे चित्र इतकं कोरडं राहत नाही. पण ही सगळी धडपड त्या आकड्यांशीच चाललेली असते. सार्वजनिक सुट्टी ती संपवते. त्या दिवशी शाळा, बँक, कचेरी, भावाचं दुकान, बहिणीचा कारखाना असं सगळं मिळून थांबतं, आणि कुणाला काही जुळवावं लागत नाही. तुम्ही त्या दिवशी कर्मचाऱ्याला बोलावून पुढच्या बुधवारी मोकळं सोडता, तेव्हा तुमच्या वहीत देणं-घेणं बरोबर जुळतं. त्याच्या घरी बुधवारी कुणीच नसतं.

हा प्रयोग एका अख्ख्या देशाने करून पाहिलेला आहे. १९२९ साली सोव्हिएत सरकारने कारखाने कधीच थांबू नयेत म्हणून सात दिवसांचा आठवडा मोडून पाच दिवसांचं चक्र आणलं. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला आणि प्रत्येक रंगाचा सुट्टीचा दिवस वेगळा ठेवला. नुसते दिवस मोजले तर कामगाराचा फायदाच होता, कारण सातात एकऐवजी पाचात एक सुट्टी मिळत होती. तरी तक्रारींचा पाऊस पडला. बायको कारखान्यात, मुलं शाळेत, मित्र त्यांच्या पाळीवर, मग या सुट्टीत करायचं काय, असं लोक वर्तमानपत्रांना लिहून विचारू लागले. नवरा-बायकोचे रंग वेगळे निघाले की एका घरात राहूनही भेट कठीण.

या प्रयोगाची दुसरी बाजू तुमच्या भागीदाराला मुद्दाम सांगा. यंत्रं सतत चालू राहिल्यामुळे त्यांना देखभालीसाठी थांबवायला वेळ उरला नाही. एकाच यंत्रावर रोज वेगळा माणूस, त्यामुळे बिघाडाची जबाबदारी नेमकी कुणाची हेच कळेना. ज्या उत्पादनासाठी हा खटाटोप केला, त्यालाच फटका बसू लागला. १९३१ मध्ये बहुतेक ठिकाणी ही पद्धत गुंडाळून सहा दिवसांचा आठवडा आणला, ज्यात सुट्टीचा दिवस सगळ्यांचा एकच होता. १९४० मध्ये रविवारची सुट्टी असलेला सात दिवसांचा आठवडा परत आला. कामगाराला जास्त सुट्ट्या देऊनही तो नाखूश का राहतो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

अलीकडच्या संशोधनातली एक गोष्टही इथे मोलाची आहे. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टोबल यंग आणि चेयून लिम यांनी २०१४ साली अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीच्या आधारे दाखवलं की शनिवार-रविवारी माणसांची मनःस्थिती सुधारते, हे नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत खरं आहेच, पण बेकारांच्या बाबतीतही जवळपास तितकंच खरं आहे. बेकार माणसाला तर आठवडाभर वेळच वेळ असतो. त्याला रविवारी नवीन काय मिळतं? बाकीची माणसं मिळतात. मोकळ्या वेळाची किंमत इतर किती जण त्याच वेळी मोकळे आहेत यावर ठरते.

जुन्या लोकांना हे आपल्याआधी कळलेलं होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा साप्ताहिक विश्रांतीचा पहिला करार १९२१ सालचा. सात दिवसांत सलग २४ तासांची विश्रांती ही त्यातली अट सगळ्यांना माहीत असते. त्याच कलमात पुढे असंही म्हटलं आहे की शक्य तिथे ही विश्रांती त्या आस्थापनेतल्या सगळ्या माणसांना एकाच वेळी द्यावी, आणि शक्य तिथे त्या भागात परंपरेने पाळल्या जाणाऱ्या दिवशीच द्यावी. आपले बहुतेक मालक पहिलं वाक्य पाळतात आणि तिथेच थांबतात. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पाठपुराव्याने १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना जी सुट्टी मिळाली, तीही कुठल्याही एका वाराची नव्हती. सगळ्या गिरण्यांना मिळून रविवार, असाच तो निर्णय होता.

आता दुप्पट पगाराबद्दल. तो द्यायलाच हवा, पण त्याने प्रश्न सुटतो असं समजू नका. सुट्टीच्या दिवशी कोण येतं ते तुमच्याच हजेरीपटात बघा. ज्याच्यावर कर्ज आहे, ज्याच्या घरी आजारपण आहे, जो नवा आहे आणि नाही म्हणायला घाबरतो, जो हंगामी आहे आणि पुढच्या महिन्यात काम मिळेल की नाही या विवंचनेत आहे. म्हणजे ज्यांच्या घराला त्या दिवसाची सगळ्यात जास्त गरज, तेच तो दिवस विकतात. ‘स्वखुशीने आले’ असं आपण म्हणतो, पण पाळी लावणारा आणि पगारवाढीची शिफारस करणारा एकच माणूस असेल, तर त्याला नाही म्हणणं फार थोड्यांना परवडतं.

ऑस्ट्रेलियात हा मुद्दा न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या कायद्यानुसार सार्वजनिक सुट्टीला गैरहजर राहण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे आणि मालक फक्त वाजवी विनंती करू शकतो. एका खाणीतल्या कामगारांना २०१९ च्या नाताळात आणि दुसऱ्या दिवशी कामावर यायला लावलं होतं, कारण त्यांच्या पाळ्याच तशा लागलेल्या होत्या. २०२३ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने सांगितलं की पाळी लावून टाकणं म्हणजे विनंती नव्हे. विनंती म्हणजे ज्याला नाही म्हणता येतं असा प्रश्न विचारणं. ही कसोटी तुमच्या दुकानाला लावून बघा. गेल्या मोठ्या सुट्टीला किती जणांना तुम्ही खरंच विचारलं होतं, आणि किती जणांनी नाही म्हटल्यावर त्यांच्याकडे पूर्वीसारखंच पाहिलं गेलं?

यात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल मालक सहसा बोलत नाहीत, पण पाळ्या लावणाऱ्या प्रत्येकाने ती भोगलेली असते. दुकान उघडं ठेवायचं ठरलं की कुणाला सोडायचं आणि कुणाला बोलवायचं, याचा निवाडा एका माणसाला करावा लागतो. लहान मुलं असणाऱ्यांना आधी सोडावं, हे सगळ्यांना पटतं. मग अविवाहित मुलं-मुली दर सणाला अडकतात. त्यांचे आईवडील दूरच्या गावी वाट बघत असतात, ते कुटुंब नव्हे काय? एखादी बाई एकटी राहते, म्हणून तिला दर वेळी गृहीत धरायचं? घटस्फोटित बापाला मुलं ठरलेल्या दिवशीच भेटतात, हे त्याने सगळ्यांसमोर सांगायचं? कुणाचं घर किती महत्त्वाचं हे ठरवणारा चार्ट कितीही प्रामाणिकपणे केला, तरी त्यात अन्याय राहतोच आणि त्याचे वळ वर्षभर दिसतात. दुकान बंद ठेवलं की हा निवाडा करावाच लागत नाही. कुणाला कारण सांगावं लागत नाही, कुणावर कुणाचे उपकार राहत नाहीत. माझ्या मते बंद ठेवण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे, आणि तो कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

आता धंद्याच्या नुकसानीकडे येऊ. भागीदाराची भीती खोटी नाही, पण ती मोजून बघायला हवी. समजा वर्षात आठ मोठ्या सुट्ट्यांना तुम्ही बंद ठेवता. ३६५ पैकी आठ म्हणजे सव्वादोन टक्क्यांपेक्षा थोडे कमी दिवस. पण तेवढी विक्री बुडते असं नाही. बंद दिवशीची विक्री तीन ठिकाणी जाते. काही खरेदी आधीच होते, कारण बंद असल्याचं ठाऊक असलं की लोक आदल्या दिवशी येतात. काही पुढे ढकलली जाते. कपाट, कपडे, मिक्सर, वह्या-पुस्तकं यांची गरज एका दिवसाने संपत नाही. उरलेली खरोखर बुडते, म्हणजे जाता-येता सहज केलेली खरेदी किंवा त्याच दिवसापुरती गरज. तुमच्या मालात हा तिसरा भाग किती आहे ते शोधा. त्यासाठी नुसता सुट्टीच्या दिवसाचा गल्ला बघून चालत नाही. सुट्टीच्या आधीचे तीन दिवस आणि नंतरचे तीन दिवस धरून पूर्ण आठवड्याची बेरीज करायची आणि ती सुट्टी नसलेल्या आठवड्यांशी ताडून बघायची. बहुतेक दुकानदार एकट्या दिवसाचा गल्ला बघतात आणि तेवढं सगळं गेलं असं समजून धास्तावतात.

शिवाय जे खरंच बुडतं ते विक्रीच्या आकड्यात मोजू नका, नफ्यात मोजा. विकला न गेलेला माल तुमच्याच कपाटात असतो. त्या दिवसाचा दुप्पट पगार, वीज, गाडीभाडं हे वाचतं. नंतरच्या आठवड्यात बदली सुट्ट्यांमुळे जी माणसं कमी पडतात, तेही थांबतं. हा शेवटचा खर्च कुणी मांडत नाही. एका सणाला दुकान उघडं ठेवलं की पुढचे दहा-बारा दिवस कुणी ना कुणी बदली सुट्टीवर असतो, काउंटर रिकामा राहतो, रांग लागते, आणि ते गिऱ्हाईक का गेलं याचा हिशेब कुणीच करत नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या साखळी दुकानांची गोष्ट याच मुद्द्याची आहे. थँक्सगिव्हिंग हा तिथला घरच्यांनी एकत्र जमण्याचा गुरुवार. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वर्षातली मोठी सवलतीची विक्री. २०११ च्या सुमारास काही दुकानांनी ती शुक्रवारच्या पहाटेऐवजी मध्यरात्रीच सुरू केली. मग स्पर्धेत पुढच्या दोन वर्षांत ती वेळ गुरुवारी रात्री आठवर आणि संध्याकाळी सहावर आली. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तासभर आधी उघडत होता आणि कर्मचारी घरच्या पंगतीतून उठून कामावर जात होते. २०२० मध्ये महामारीमुळे वॉलमार्ट, टार्गेट अशा बड्या साखळ्यांनी तो गुरुवार बंद ठेवला आणि सवलती आधीच्या आठवड्यांमध्ये पसरवल्या. २०२१ मध्ये टार्गेटने जाहीर केलं की यापुढे थँक्सगिव्हिंगला दुकानं कायमची बंद राहतील. विक्रीशिवाय दुसऱ्या कशाकडे न बघणाऱ्या या कंपन्या. त्या दिवसाची कमाई खरोखर हातची जात असती, तर त्यांनी पुढच्याच वर्षी दारं उघडली असती. आरईआय या गिर्यारोहण आणि भटकंतीचं सामान विकणाऱ्या साखळीने तर २०१५ मध्ये त्या सवलतीच्या शुक्रवारीच दुकानं बंद ठेवली, कर्मचाऱ्यांना त्या दिवसाचा पगार दिला आणि २०२२ मध्ये ही पद्धत कायम केली.

शेजाऱ्याचं काय, हा प्रश्न उरतो. तो उघडा असेल तर तुमच्या बुडणाऱ्या भागातला काही हिस्सा त्याला जाईल, हे खरं आहे. दोघांनीही बंद ठेवलं तर दोघांचंही फारसं जात नाही. दोघांनीही उघडं ठेवलं तर तेच गिऱ्हाईक, तोच पैसा, फक्त जास्त तासांत वाटला जातो आणि दोघांचाही खर्च वाढतो. म्हणून हा निर्णय शक्यतो एकट्याने घेऊ नका. बाजारपेठेतल्या व्यापारी संघटनेत हा विषय काढा आणि सगळं वर्ष मागू नका, चार-पाच दिवस मागा. मला दिसलेलं असं की प्रत्येक दुकानदाराला मनातून बंदच हवं असतं, कारण त्यालाही घर असतं. फक्त पहिलं शटर कुणी खाली ओढायचं यावर गाडी अडते.

अनेक देशांनी ही कोंडी कायद्याने सोडवली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी उघडायला मनाई केली. फ्रान्समध्ये सार्वजनिक सुट्ट्या बऱ्याच असल्या, तरी १ मे हा एकच दिवस कायद्याने सक्तीच्या भरपगारी सुट्टीचा आहे, आणि ज्या सेवा थांबवता येत नाहीत तिथे काम करणाऱ्याला दुप्पट वेतन द्यावं लागतं. जर्मनीत रविवार आणि सुट्ट्यांचं संरक्षण थेट राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम त्यांनी १९४९ मध्ये तसंच उचलून घेतलं. बर्लिनने नाताळआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायची परवानगी दिली, तेव्हा २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. दुकानदाराचा निव्वळ आर्थिक लाभ आणि गिऱ्हाइकाची रोजची खरेदीची हौस ही कारणं पुरेशी नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. समाजाचं घड्याळ एका तालात चालण्याला त्या निकालात महत्त्व दिलेलं आहे, आणि मघाच्या ४९ आठवड्यांच्या हिशेबाचा अर्थ तरी दुसरा काय आहे?

पोलंडच्या कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते. २०१८ पासून तिथे रविवारची दुकानं टप्प्याटप्प्याने बंद झाली, पण मालक स्वतः काउंटरवर उभा राहणार असेल तर छोटं दुकान उघडता येतं. म्हणजे विक्रीला हरकत नाही, दुसऱ्याचा दिवस घेऊन विक्री करायला हरकत आहे. तुमच्या भागीदाराला फारच चुटपुट लागली तर एखाद्या सुट्टीला त्यांनी स्वतः दुकान उघडून बसावं. मी हे मनापासून सुचवतो, कारण त्या एका दिवसात त्यांना बरंच काही समजेल.

हंगेरीत मात्र असा कायदा टिकला नाही. मार्च २०१५ मध्ये रविवारबंदी आली, लोकांचा विरोध झाला, सार्वमताची चिन्हं दिसू लागली आणि एप्रिल २०१६ मध्ये सरकारने ती मागे घेतली. दर आठवड्याचा दिवस एकदम काढून घेतला तर नोकरदार गिऱ्हाईकच चिडतं, कारण त्यालाही खरेदीला तोच दिवस मोकळा असतो. तुमचा प्रश्न वर्षातल्या मोजक्या मोठ्या सुट्ट्यांचा आहे, त्यामुळे तिथवर जायचं कारण नाही. साप्ताहिक सुट्टीला दुकान उघडं ठेवायचं असेल तर ठेवा, फक्त प्रत्येकाचा वार कायमचा ठरवून द्या, फिरता ठेवू नका. ठरलेला वार असला की घरची माणसं स्वतःचे दिवस त्याला जुळवून घेऊ शकतात.

ज्यांना बंद ठेवताच येत नाही त्यांची यादी मोठी आहे: रुग्णालयं, अग्निशमन, वीज, पाणी, वाहतूक, औषधाची काही दुकानं. तुम्ही त्या यादीत नाही, आणि त्या लोकांचं उदाहरण देऊन दुकान उघडं ठेवणंही बरोबर नाही. परिचारिका सुट्टीच्या दिवशी कामावर असते कारण तिच्याशिवाय कुणाचा तरी जीव जाईल. हॉटेलं आणि सिनेमागृहं यांचं थोडं वेगळं आहे, इतरांची सुट्टी हाच त्यांचा धंदा. तिथे मी सांगतो की आठवड्यातला एक वार सगळ्यांसाठी बंद ठेवा आणि मोठ्या सुट्ट्यांपैकी निम्म्या प्रत्येकाला हमखास मिळतील असा वर्षभराचा चार्ट वर्षाच्या सुरुवातीलाच लावा. शेवटच्या आठवड्यात कळलेली सुट्टी अर्धी वाया जाते, कारण गाडीचं तिकीट मिळत नाही आणि बाकीच्यांचे बेत ठरून गेलेले असतात.

तुमच्याकडे ते प्रत्यक्षात कसं करायचं, ते सांगतो. सुट्टी दिवसांत न मोजता तासांत मोजा. आदल्या रात्री उशिरापर्यंत विक्री, मग माल लावणं, मग हिशेब, आणि माणूस मध्यरात्री घरी पोचला, तर सुट्टीची सकाळ झोपेत जाते. गोदामात आदल्या दिवशीची रात्रपाळी ठेवली तर ती सुट्टीच्या सकाळीच संपते. कागदावर त्या माणसाला सुट्टी मिळालेली दिसते, प्रत्यक्षात तो दिवसभर झोपलेला असतो. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी लवकर बंद करा, त्या रात्रीची पाळी लावू नका आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा थोडं उशिरा उघडा. सलग ३६ तास मिळाले की घरातल्यांना त्याचा उपयोग होतो. दूरच्या गावचे जे आहेत त्यांना सुट्टीला जोडून एक दिवस रजा आधी मंजूर करून ठेवा.

सुट्टी भरपगारीच हवी. रोजंदारीवरच्या माणसाला बंद दिवसाचे पैसे मिळणार नसतील, तर तुमचा हा निर्णय त्याला दंडासारखा वाटेल आणि उद्या तोच दुकान उघडं ठेवा म्हणून मागणी करेल. यात सफाई करणारे, हमाल, कंत्राटदाराकडून आलेली माणसं सगळी धरा. कंत्राटदाराशी करारातच हे दिवस लिहून घ्या, नाहीतर तुम्ही बंद आणि त्यांना तो दुसरीकडे पाठवतो. वॉचमन लागेलच. त्याची पाळी छोटी ठेवा, दोघांत वाटा, आणि दर सुट्टीला तोच माणूस येणार नाही एवढं बघा.

ऑनलाइन ऑर्डर घेत असाल तर त्या सुट्टीच्या दिवशीही घ्या, पण माल कधी निघेल ती तारीख ऑर्डर करतानाच दाखवा. दुकान बंद, पण गोदामात दहा जण खोकी भरताहेत, ही बंद ठेवण्याची रीत झाली नाही. ऑफिसच्या माणसांच्या बाबतीत फोन हीच पाळी असते. ‘फक्त एक आकडा सांग’ असा व्हॉट्सॲप मेसेज आला की माणूस जेवणातून उठतो. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. तुम्हाला कायद्याची गरज नाही, तुम्ही दोघा भागीदारांनी त्या दिवशी ग्रुपवर काही टाकायचं नाही एवढं ठरवलं तरी खालची सगळी साखळी शांत राहते. तातडीचं काही आलंच, तर कुणाला फोन करायचा तो एकच माणूस आधी ठरवा, आणि पहिल्या वर्षी तो माणूस तुमच्यापैकी एक असू द्या.

कुठल्या सुट्ट्या धरायच्या, हा नाजूक प्रश्न आहे. बहुसंख्य कर्मचाऱ्यांचे सण सहज धरले जातात. वेगळ्या धर्माचे किंवा वेगळ्या प्रांतातले दोघे-तिघे असतील तर त्यांच्या सणाला अख्खं दुकान बंद राहणार नाही, पण त्यांचं घर मात्र त्याच दिवशी भरतं. अशांसाठी प्रत्येकाला वर्षात दोन-तीन ऐच्छिक भरपगारी सुट्ट्या द्या, तारखा वर्षाच्या सुरुवातीला लिहून घ्या, आणि एकदा लिहिल्या की कितीही गर्दी असली तरी नाकारू नका. इथे एकदा जरी शब्द फिरवला, तर ‘मोठ्यांचे सण बंद, आमचे मात्र चालू’ अशी भावना बसते आणि ती लवकर जात नाही.

तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच दाराशी, बिलावर आणि फोनवरच्या संदेशात जाहीर करा. गिऱ्हाइकाला बंद दुकानाचा राग येत नाही, दारापर्यंत येऊन कळलं की येतो. पाटीवर बंद असल्याचं लिहितानाच कारणही लिहा: आमची माणसं आज आपापल्या घरी आहेत. लोकांना हे कळतं, कारण त्यांच्याही घरातलं कुणी ना कुणी कुठल्या तरी काउंटरमागे उभं असतं.

भागीदार एकदम आठ दिवसांना तयार होणार नाहीत, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. तर मग या वर्षी तीन मोठ्या सुट्ट्या घ्या, आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन दिवसांची विक्री लिहून ठेवा, त्याच महिन्यांतल्या गैरहजेरीचे आणि सोडून गेलेल्या माणसांचे आकडेही बाजूला मांडा. वर्षअखेरीला ते कागद समोर ठेवून उरलेल्या पाच दिवसांवर बोला, आणि त्या बैठकीला काउंटरवरच्या दोघा-तिघांना नक्की बसवा.